कॉलेज बदलायचंय: शिवाजी विद्यापीठातच राहावं की पुणं गाठावं?

निकाल लागले की आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोर रांग लागते. बाहेर पाऊस, हातात प्लॅस्टिकची फाईल आणि एकच वाक्य : "मॅडम, एलसी पाहिजे." एलसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात बरीच वर्षं काम करते. एलसी मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "तिकडची जागा पक्की झाली का?" बरीच पोरं गप्प होतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

बीए, बीकॉम, बीएस्सीला पहिलं वर्ष झाल्यावर कॉलेज बदलणाऱ्यांसमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक, शिवाजी विद्यापीठातच राहून दुसरं कॉलेज गाठायचं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्यात येतात. दुसरी, विद्यापीठच बदलायचं. आपल्याकडं याचा अर्थ बहुतेक वेळा पुणं.

कागदांच्या बाबतीत पहिली वाट बरीच सोपी आहे. एलसी, पहिल्या वर्षाच्या मार्कलिस्टा, जुन्या कॉलेजची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला). मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला, लागत नाही. दोन्ही कॉलेजं साधी संलग्न असतील तर अभ्यासक्रम तोच, परीक्षाही विद्यापीठाचीच. एखाद्या विषयात नापास होऊन तो एटीकेटीत अडकला असेल तर कुठला पेपर द्यायचा हा घोळ होत नाही. पुण्याला जायचं तर मायग्रेशन काढा, तिथल्या विद्यापीठाची पात्रता (एलिजिबिलिटी) घ्या आणि दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळतो का ते तपासून घ्या. त्यासाठी पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत सोबत ठेवा. ती नसल्यानं पुण्याहून एका दिवसात परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. एकेरी अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे.

पण "विद्यापीठ तेच म्हणजे काळजी नाही" असं धरून चालू नका. लोक इथंच फसतात. आपल्या विवेकानंद महाविद्यालयासारखी कॉलेजं स्वायत्त आहेत. पदवीवर नाव शिवाजी विद्यापीठाचंच असतं, पण अभ्यासक्रम ते स्वतः आखतात आणि परीक्षा स्वतः घेतात. त्यामुळं साध्या कॉलेजातून स्वायत्त कॉलेजात जाताना, दोन्ही एकाच शहरात असली तरी, पेपर जुळतीलच असं नाही. राहिलेला पेपर वेगळा द्यावा लागू शकतो. म्हणून अंतर किलोमीटरवर मोजू नका, दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषय न् विषय ताडून बघा. विशेषतः मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय. दुसऱ्या कॉलेजात तुमचा मायनर विषय शिकवतच नसतील, तर बाकी सगळं जुळूनही अडचण होते.

क्रेडिटबद्दल, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांबद्दल, हल्ली सगळे विचारतात. हे क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम 2021 मध्ये आले. मिळवलेले क्रेडिट तिथं जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. पण खात्यात क्रेडिट जमा असणं आणि नव्या कॉलेजनं ते तुमच्या पदवीसाठी धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणून तिसऱ्या वर्षात बदलायचा विचार असेल तर माझा सल्ला सरळ आहे : नको. बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. तिथं जागा रिकामी असेल तरच बोलणं पुढं सरकतं. शिष्यवृत्ती किंवा मुलींची फीमाफी घेत असाल तर ती नव्या जागी टिकेल का, हे दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात आधी विचारा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज मध्येच अडकला की वर्षभराची फी घरच्यांच्या अंगावर पडते.

आता एलसीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. एका वर्षी कागलकडची एक मुलगी आईला घेऊन आली. पुण्याच्या कॉलेजनं फोनवर "या" म्हटलं होतं. मी थांबायला सांगितलं, पण त्यांना घाई होती. एलसीवर कॉलेज सोडण्याचं कारण लिहिलं, "पुढील शिक्षणासाठी", शिक्का मारला आणि रजिस्टरमधून तिचं नाव कमी झालं. ऑगस्टमध्ये दोघी परत खिडकीसमोर. तिकडं जागा भरली होती. प्राचार्यांनी तिला परत घेतलं, पण पाच आठवड्यांची प्रॅक्टिकल बुडाली होती. त्या दिवशी मी ऐकून घ्यायला नको होतं, हे मला अजून लागतं. नव्या कॉलेजकडून प्रवेश देत असल्याचं लेखी पत्र आणा, मगच एलसीचा अर्ज भरा. आणि कुठलं कॉलेज मूळ मार्कलिस्ट अडवून ठेवत असेल तर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ऑक्टोबर 2018 चं परिपत्रक दाखवा. मूळ कागद असे ठेवून घेता येत नाहीत.

हे सगळं करण्याआधी बदल कशासाठी, ते घरात नीट बोला. हवा तो विषय इथं नसेल, तर पुण्याचा खटाटोप करण्यात अर्थ आहे. शिकवणं आवडत नसेल, तर आधी इथल्याच दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांना भेटा. जाण्यायेण्याचा त्रास असेल, तर कॉलेज बदलणं हा उपाय मला पटत नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून या गावात बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, उभी केली ती खेड्यातल्या पोरांसाठीच. गारगोटीचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी याच कारणासाठी एलसी मागायला आला होता. पहाटेची एसटी, रात्री घरी, वर्गात झोप. घराजवळच्या कॉलेजात जातो म्हणाला. मी त्याला अर्ज दिला नाही, दसरा चौकाच्या बाजूला दोन ठिकाणी चौकशी करायला पाठवलं. एका जुन्या बोर्डिंगात कॉट मिळाली. आता तो खिडकीवर येतो तो फक्त बोनाफाईडसाठी.