लग्नाचा मांडव की कंपनीचा हॉल? इव्हेंटच्या कामात उतरण्याआधी स्वतःला तपासताना

घरातलं शेवटचं लग्न आठवा. कोठीच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती? आहेराची वही कोण लिहीत होतं? आणि माईक हातात आला की कोणाला सोडवत नव्हता?

इव्हेंटच्या धंद्यात यायचंय म्हणणारी पोरंपोरी माझ्याकडे येतात, तेव्हा दोन वाक्यं हमखास ऐकवतात. "मला माणसांत मिसळायला आवडतं" आणि "सजावटीची आवड आहे." मला दोन्हींचा फारसा उपयोग नाही. सजावटीला कारागीर मिळतात आणि गोडबोल्या माणूस तर गल्लीगणिक एक असतो. मी किल्लीची चौकशी करतो. स्वतःचे गुण सांगताना कोणीही थोडं वाढवूनच सांगतो. पण घरच्या कार्यात कोणी न सांगता तुमच्या अंगावर कोणतं काम येऊन पडलं, ते खोटं सांगता येत नाही.

मराठवाड्यात राहून हे काम करायचं तर पोट भरणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. एक लग्नाची, दुसरी वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांच्या कार्यक्रमांची. मी आधी जालन्यात आठ वर्षं लग्नं केली, नंतर संभाजीनगरात कंपन्यांची कामं धरली. पाटीवर दोन्हीकडे 'इव्हेंट' असंच लिहिलेलं असतं, पण लागणारा माणूस वेगळा.

आत्या आणि पर्चेस

लग्नात पैसे देणारा एक, ठरवणारा दुसरा आणि रुसणारा तिसरा. नवरीच्या वडिलांनी स्टेजचा रंग महिनाभर आधी पक्का केलेला असतो. हळदीच्या रात्री अकराला मोठी आत्या येते आणि म्हणते, "हे पांढरं काढा बरं आधी. शुभकार्याला पांढरं कामून?" इथे कोटेशनचा कागद पुढे करणारा माणूस गेला कामातून. आत्याला खुर्ची देऊन, चहा पाजून, त्याच पांढऱ्यावर झेंडूच्या चार माळा सोडून "आता बघा बरं" म्हणणारा टिकतो. सगळा व्यवहार तोंडी, आणि तोही दहा तोंडांचा. कोणाचं ऐकायचं, कोणाला नुसतं "हो काका" म्हणायचं, हे पहिल्या बैठकीत ओळखता आलं पाहिजे. मामाचा फेटा राहिला तर डीजे कितीही भारी असो, लग्न बिघडलंच.

कंपनीत आत्या नसते. पर्चेस म्हणजे खरेदी विभाग असतो. एचआरच्या मॅडम म्हणतात एलईडी वॉल मोठी हवी, अ‍ॅडमिनवाले म्हणतात गेटातून ट्रक दुपारी दोननंतरच येईल, आणि पर्चेसवाले म्हणतात पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, लिहिलंय तेवढंच. तोंडी ठरलेल्याला किंमत शून्य. बैठक संपल्यावर तासाभरात "आज असं ठरलं" असा चार ओळींचा मेल टाकायची सवय नसेल, तर बोलण्यात कितीही हुशार असा, वर्षभरात अंगाशी येतं.

लिहिण्याचं एवढं का, तर एक स्वतःचा फटका सांगतो. एका कंपनीची डीलर मीट होती. ४० मानचिन्हं होती आणि एकावर देशपांडेंच्या जागी देशमुख छापलेलं. मराठवाड्यात ही चूक साधी नव्हे. यादी कंपनीकडूनच तशी आली होती, मेल माझ्याजवळ होता. तो दाखवून मी त्या दिवशी सुटलो, पण पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. कारण मानचिन्हं आदल्या रात्री खोक्यातून काढून, बसण्याच्या यादीशी एकेक ताडून बघणारा माणूस माझ्याकडे नव्हता. असा माणूस म्हणजे आहेराची वही लिहिणारा. अकरा रुपयांचाही हिशोब चुकला तर त्याला झोप येत नाही.

बिघडल्यावर

दुसरा प्रसंग लग्नाचा. जालन्याबाहेरचं लॉन, मे महिना, गोरज मुहूर्त. पावणेपाचला वावटळ उठली. कनाती फुगल्या, स्टेजमागचा फ्लेक्स मधोमध फाटला आणि नवरदेवाचा अर्धा चेहरा बाजूच्या शेतात जाऊन पडला. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, अजून मारुतीच्या देवळापाशी नाचत होता. डेकोरेशनवाला कपाळाला हात लावून बसला. मी फोनवर दुसरा फ्लेक्स कुठे मिळतो ते बघत होतो, म्हणजे मीही चुकीचंच काम करत होतो. आमच्यातला एक एकोणीस वर्षांचा पोरगा मात्र काही न बोलता जनरेटरकडे पळाला आणि आधी लाईन बंद केली. मग कनातीजवळच्या खुर्च्यांवरची लेकरं-म्हाताऱ्या उठवल्या. मग कुठे दोर ओढायला लागला. आधी वीज, मग माणसं, सजावट शेवटी, हा क्रम त्याला कोणी शिकवला नव्हता. गाडी बंद पडली, घरात गॅसचा वास आला, पाहुणे अचानक आले, अशा वेळी तुमचा हात पहिल्यांदा कशाकडे जातो ते आठवून बघा. अशा तीन-चार आठवणी खऱ्या सांगता आल्या तर मला तुमचा बायोडाटा नको.

(त्या लग्नात मुहूर्त तरीही चुकला, पण वाऱ्याने नव्हे. स्टेजवर सत्काराची चौदा नावं होती, निवेदकाने पदरची तीन घातली. माईक न सोडवणाऱ्याचं हे असं असतं. त्याला निवेदक करा, नियोजक करू नका.)

पैसा

इथे दोन्ही वाटा अगदीच फुटतात, आणि नवीन माणूस इथेच मार खातो.

लग्नात पैसा आधी येतो. बुकिंगला इसार आणि उरलेले हळदीच्या आत, हा माझा नियम होता. नवरीची पाठवणी झाली की दारात उभ्या माणसाला पैसे मागणं तुम्हालाच जड जातं, आणि मागितलेच तर "पंगतीत बुंदी संपली होती" पासून सुरुवात होते. म्हणजे गुण कोणता, तर हसतमुखाने, वेळेवर, न लाजता पैसे मागण्याचा. मित्राला दिलेले पाचशे रुपये तुम्हाला परत मागता येत नसतील तर लग्नाच्या धंद्याचा पुन्हा विचार करा. दुसरं म्हणजे, इथल्या लग्नाचा आकार सोयाबीन-कापसाच्या भावावर ठरतो. पाऊस रुसला की लॉनचं लग्न घरापुढच्या मांडवात येतं. शिवाय चातुर्मासात धंदा जवळपास बंद. तुळशीच्या लग्नापासून जे कमवाल ते पुढच्या पावसाळ्यात पुरवून खायचं.

कंपनीकडचा पैसा बुडण्याचं भय कमी, पण तो उशिरा येतो. साठ दिवस, कधी नव्वद. मंडपवाला, साऊंडवाला, वाढपी मात्र त्याच रात्री रोख मागतात. म्हणजे मधले दोन महिने भांडवल तुमचं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, ती करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. आता तो कायदा मोठ्या गिऱ्हाइकाला कोणत्या सुरात आठवून द्यायचा, हेही कौशल्यच. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी टळत नाही. कंपन्या तर बहुधा पहिल्याच दिवशी नंबर मागतात. आकडेमोडीचा कंटाळा असणाऱ्याने भागीदार शोधावा.

परवाने

थोडक्यात सांगतो. उघड्या लॉनवर रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. लग्नवाल्यांना तो सांगायला छाती लागते. हॉटेलच्या बंद हॉलमध्ये कंपनीवाल्यांना आवाज आत ठेवून ती अडचण येत नाही. गाण्यांचं उलटं आहे. लग्न आणि त्याच्याशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कंपनीच्या पार्टीत रेकॉर्डेड गाणी वाजवायची तर परवाना काढावा लागतो. असे कागद महिनाभर आधी काढून फाईल करणारा स्वभाव असेल, तर तुमचा कल कंपन्यांकडे आहे असं समजा.

सरकारी आणि उत्सवी कामांची तिसरी वाटही आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारखं काम सोनेरी महालाच्या पुढ्यात बघितलं की कोणालाही मोह होतो. पण टेंडर, अनामत रक्कम, बिलाची वाट यात नवखा बुडतो. पाच वर्षं तिकडे नुसतं बघायला जा.

मुलींविषयी वेगळं विचारलं जातं म्हणून सांगतो. लग्नात त्यांची बाजू वरचढ असते. नवरीच्या खोलीत त्या थेट जातात, आत्याशी त्यांचं जमतं. अडचण रात्री दोनला परतण्याची आहे. त्यासाठी गाडी आणि सोबत आधी ठरवा, लाजू नका. कंपन्यांची कामं बहुतेक वेळेत संपतात.

अजून ठरत नसेल तर पैसे गुंतवू नका. एक लग्नसराई एखाद्या मंडपवाल्याच्या हाताखाली काढा, खुर्च्या मोजण्यापासून. आणि कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या युवक महोत्सवात स्टेजवर न जाता संघांच्या नोंदणीच्या टेबलावर बसा. मग खुर्च्यांच्या की याद्यांच्या, कोणत्या दमण्यातून झोप चांगली लागली, ते बघा.

तो जनरेटरकडे पळालेला पोरगा आज जालन्यात स्वतःची लग्नं करतो. मी बोलावूनही कंपन्यांकडे आला नाही. मेल लिहायचा म्हटलं की त्याला घाम फुटतो. माझ्या ऑफिसात मानचिन्हं आता माझी पुतणी ताडते. घरच्या लग्नात कोठीची किल्ली तिच्याकडे होती, आणि जेवायला बसतानाही तिने ती कोणाच्या हातात दिली नव्हती.