स्वतः आखलेली डोंगरवाट: आठ महिन्यांनंतर

सहा महिने नकाशासमोर बसलो, ११ दिवस चाललो आणि उरलेला वेळ कुठे काय चुकलं ते शोधण्यात घालवला. खुणा मारलेली, मळलेली वाट नव्हती ही. तीन डोंगररांगा मी माझ्या मनाने जोडल्या होत्या. स्क्रीनवर १४२ किलोमीटर, एकूण चढ ९,६०० मीटर आणि मुक्कामांसकट ९ दिवस दिसत होते. साधनं तीनच: फोनवरचं ऑफलाइन नकाशाचं ॲप, १:५०,००० चा कागदी नकाशा आणि होकायंत्र.

आखणीची मजा पहिल्या तासातच लागते. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा ऑनलाइन नकाशावर, लोकांनी चालून चालून इतक्या पायवाटा भरल्यात, की दोन ठिकाणी बोट टेकवलं की मधली वाट ॲप आपोआप पकडतं. गोम अशी, की जिथे नकाशात वाटच नाही तिथे माझं ॲप सरळ रेघ ओढून मोकळं होतं, आणि दोन्ही रेघा निळ्याच! महिनाभराने शहाणा झालो आणि ट्रॅकचे तुकडे पाडले. नकाशात पायवाट आहे तो हिरवा, फक्त अंदाज आहे तो लाल. १४२ पैकी ३१ किलोमीटर लाल निघाले तेव्हा जरा पोटात गोळा आला.

वेळेच्या हिशोबासाठी नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम धरला होता: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १६ किलोमीटर आणि १,२०० मीटर चढाचा दिवस सव्वापाच तासांत आटपायला हवा. मला आठ लागले. हा नियम उताराचा वेळ धरत नाही, विश्रांती धरत नाही आणि पाठीवरच्या १४ किलोच्या सॅकशीही त्याला देणंघेणं नाही. आता मी सरळ दीडपट करतो, लाल तुकडा असेल तर दुप्पट.

चौथ्या दिवसाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. खिंडीतून एका घळीने खाली उतरायचं होतं. नकाशावर कॉन्टूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या दर २० मीटरला एक, आणि त्या घळीत एकमेकींपासून साधारण एक मिलिमीटरवर. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणून उतार २२ अंशांच्या आसपास. घसारा असेल, पण उतरता येईल असं धरलं. साडेतीनशे मीटर उतरल्यावर पायाखालची जमीनच संपली. पंधरा-एक मीटरचा उभा, ओला कातळ. खाली टाकलेल्या दगडाचा आवाज यायला जरा वेळच लागला.

नकाशा खोटं बोलला नव्हता. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये १५ मीटरचा कडा आरामात लपतो. डिजिटल उंचीचा आधार घ्यावा तर तिथेही हेच. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने ११ दिवसांत मोजलेली उंची आज बऱ्याच ठिकाणी वापरतात, आणि तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो. कडा त्यात विरघळून नुसता उतार होतो. परत वर चढून, सोंडेवरून वळसा घालून पोचेपर्यंत दिवस गेला. घरी आल्यावर त्याच जागेचा उपग्रहफोटो मोठा करून पाहिला, तर घळीच्या तोंडाशी केसाएवढी काळी सावली दिसत होती. आधी बघितली असती तर! आता प्रत्येक लाल तुकडा फोटोवर सावलीसाठी तपासतो, जमल्यास वेगवेगळ्या ऋतूंतल्या दोन फोटोंवर.

पाण्याबद्दल थोडक्यात: नकाशातली निळी रेघ म्हणजे पाणी असेलच असं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून कमी घेण्याचा मोह होतो. दोन ओढे कोरडे निघाल्यावर मोह गेला. बर्फ वितळून वाहणारे ओढे मात्र पहाटेच ओलांडावेत, दुपारी तेच अंगावर येतात.

बॅटरीचा त्रास वाटला होता त्याहून कमी झाला. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालतं, स्क्रीन बंद ठेवली की दिवसभरात पाव बॅटरी. थंडीत फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी आकडा बघून धक्का बसतो. पॉवरबँकही तशीच आत.

आखणीतली एक गोष्ट आधीपासून बरोबर जमली होती: रोज किमान एक अशी वाट ठरवून ठेवणं, जिथून दोन-तीन तासांत खाली वस्तीपर्यंत जाता येईल. सातव्या दिवशी धारेवर असताना गडगडाट ऐकू आला आणि विचार करत न बसता त्या वाटेने खाली सटकलो. एक दिवस घळीपायी गेला होता, एक इथे गेला, म्हणून ९ चे ११ झाले.

साधनं तीच ठेवणार, ॲपसुद्धा. त्या घळीतला कडा मी ओपनस्ट्रीटमॅपवर भरला, पाचेक मिनिटांचं काम. पुढची वाट ८० किलोमीटरची आखतोय. आत्तापर्यंत १२ लाल.