बाबांचं रोटाब्लेशन: मशीनला पाचपैकी पाच, बिलाला नाही

काल बाबा न थांबता गच्चीवर टाकी बघायला गेले, आईने खालून विचारलं दम लागला का, तर वरून "टाकी भरली" एवढंच उत्तर आलं. पाच महिन्यांपूर्वी हेच बाबा पहिल्या मजल्यावर छाती धरून बसायचे, म्हणून त्यांच्या रोटाब्लेशनबद्दल, म्हणजे हृदयाच्या शिरेत साठलेलं कडक कॅल्शियम मशीनने खरवडतात त्याबद्दल, हे लिहायला घेतलंय.

वय ७२, शुगर वीस वर्षांची. हृदयाच्या उजव्या बाजूच्या शिरेत ब्लॉक निघाला, लगेच अँजिओप्लास्टीला घेतलं, म्हणजे शिरेत फुगा फुगवून ती उघडायची, पण फुगा नीट फुगेचना, दोन्ही टोकांना फुगायचा आणि मधे कंबर आवळल्यासारखा तसाच. कॅल्शियम इतकं की डाय (एक्स-रेवर शीर दिसावी म्हणून सोडतात ते औषध) न सोडताही स्क्रीनवर शिरेची कड दिसत होती. डॉक्टर तिथेच थांबले हे फार बरं केलं, कारण अशा जागी जबरदस्तीने स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला तर तोही पूर्ण उघडत नाही.

मग दुसऱ्या हॉस्पिटलात रोटाब्लेटर, म्हणजे रोटाब्लेशनचं मशीन. मोहरीएवढा गोळा, बाबांना दीड मिलिमीटरचा वापरला, पुढच्या बाजूला हिऱ्याचे बारीक कण, आणि गॅसच्या दाबाने तो मिनिटाला साधारण दीड लाख वेळा फिरतो. कडक असतं ते खरवडलं जातं, शिरेची मऊ भिंत बाजूला सरते, दाढी करताना केस निघतात आणि कातडी वाचते तसं. भुकटी बहुतेक लाल पेशींपेक्षा बारीक असते, रक्तासोबत निघून जाते. बाबा जागेच होते, म्हणाले दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा आवाज लांबून येत होता, पंधरा-वीस सेकंद चालवायचे, थांबायचे, परत चालवायचे. ठोके मंदावू शकतात म्हणून आधीच तात्पुरता पेसमेकर लावला होता. नंतर मात्र फुगा पूर्ण उघडला आणि स्टेंट व्यवस्थित बसला.

शॉकवेव्हचंही विचारलं होतं आम्ही, मुतखडा फोडतात तसल्या लहरी फुग्यातून सोडतात ते, पण जागा इतकी अरुंद की तो फुगाच आत जाणार नाही म्हणाले. आणि रोटा सगळ्यांसाठी नाहीये, ताजी गुठळी असेल तिथे वापरत नाहीत, शिरेला भोक पडायचा धोकाही असतो, तेव्हा ज्यांचा हात रोजचा बसलेला आहे अशाच डॉक्टरांकडे जा.

आता राग कशाचा ते सांगते. स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली म्हणून आम्हाला वाटलं खर्चाचा अंदाज आलाय, पण तो गोळा आणि त्याची वायर हे वेगळं बिल, एस्टिमेटमध्ये एक ओळ नव्हती, बाबा आत टेबलवर आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये भावाची सही मागितली. त्या क्षणी कोण नाही म्हणणार? तेव्हा रिपोर्टमध्ये कॅल्शियम लिहिलं असेल तर अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच विचारा, फुगा उघडला नाही तर पुढे काय वापरणार आणि त्याचे किती, आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या.