५० अंड्यांचं थर्माकोल इनक्युबेटर: मशिन बरं, पाण्याची सूचना चुकीची

थर्माकोलची पेटी, आत पंखा, आपोआप कलणारा ट्रे आणि झाकणावर तापमान-आर्द्रतेचा डिस्प्ले. ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी मिळणारी ५० अंड्यांची मशिनं साधारण अशीच असतात. तापमानाबद्दल तक्रार नाही. ३७.५ ला लावलं की हलत नाही, आणि लाइट गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. घोडं पेंड खातं ते पाण्यापाशी.

सोबतच्या कागदावर एकच ओळ आहे: तळाच्या दोन्ही खाचा पहिल्या दिवसापासून भरलेल्या ठेवा. पावसाळ्यात कोकणात हे केलंत तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. बाहेरची २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते. पहिले १८ दिवस हवी असते ४५ ते ५५. म्हणजे जुलैत रत्नागिरीला तोवर खाचा कोरड्याच बऱ्या. उलट जानेवारीत देशावरची २० अंशांची, ५० टक्क्यांची हवा आत जाऊन १८ टक्क्यांवर उतरते, तिथे पाणी लागणारच. आणि खाच किती खोल भरली याला महत्त्व नाही. पाणी किती रुंद उघडं आहे, त्यावर दमटपणा ठरतो.

डिस्प्लेवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि सेन्सरला न लागेल असं त्याच्यासोबत झिपच्या पिशवीत ८-१० तास बंद ठेवा. ७५ दिसायला हवं. ६८ दिसलं तर दरवेळी ७ मिळवून वाचायचं. सेन्सर वायरला लोंबता आहे म्हणून हे जमतं, ही मशिनची जमेची बाजू.

खरा भरवसा मात्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याचा. दहा अंड्यांवर पेन्सिलने खूण करून एकत्र वजन करा. १८ दिवसांत साधारण १२ टक्के घट हवी. ४५० ग्रॅमची गावरान अंडी सातव्या दिवशी ४२९, चौदाव्याला ४०८ आणि अठराव्याला ३९६ च्या जवळ यावीत. काटा याच्या वर राहिला तर पाणी कमी करा, खाली गेला तर वाढवा.

अठराव्या दिवशी ट्रेची मोटर बंद करा, अंडी जाळीवर आडवी ठेवा आणि आर्द्रता ६५ ते ७० वर न्या. कोमट पाणी भरून खाचांत भांडी घासायच्या स्पंजचे नवे तुकडे उभे करा; स्पंज पाणी वर ओढतो आणि उघडा पृष्ठभाग वाढतो. दमटपणा टिकावा म्हणून झाकणाची भोकं बुजवणारे बरेच असतात. ते करू नका, बाहेर यायच्या बेतातल्या पिल्लांना हवा सगळ्यात जास्त लागते.

टोच पडल्यावर, म्हणजे पिल्लाने आतून कवचाला पहिलं भोक पाडल्यावर, झाकण उघडलं की कोरडी हवा आत शिरते, कवचाआडचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला चिकटून बसतो. मग त्याला आत फिरता येत नाही. पाणी बाहेरून घालायची सोय कंपनीने दिलेली नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. खाचेच्या वर पेटीला भोक पाडून सलाईनची नळी बसवली की पाच-दहा रुपयांच्या सिरिंजने काम भागतं. हे अंडी भरायच्या आधीच करून घ्या.