झोळी की अंथरूण: रात्रीच्या झोपेपुरता विचार

माहेरचं बाळंतपण उरकून लेकरू घरी येतं, चार-पाच महिन्यांचं होतं, आणि लातूर-बीडकडच्या बहुतेक घरांत हा विषय निघतोच: रात्री झोळीत टाकायचं की खाली अंथरुणावर? आमच्याकडे थोरली झोळीत वाढली, धाकटा अंथरुणावर. दोघांचे स्वभाव वेगळे, त्यामुळे आमचं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं म्हणणार नाही. पण दोन्ही प्रकारच्या रात्री जागून काढल्यात, म्हणून लिहितोय.

अगदी तान्ह्या बाळाला यातून वगळतो. पहिले काही महिने ते दुधासाठी उठणारच आणि उठायलाच पाहिजे. दिवस-रात्रीचा फरक त्याच्या अंगी मुरायलाच दोन ते चार महिने जातात. शिवाय मान धरलेली नसते. झोळीच्या खोलगट पोटात हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो. त्या वयात रात्रीची झोळी नकोच, हे मात्र मी ठामपणे सांगतो.

बाकी झोळीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. दमलेलं, चिडलेलं लेकरू दोन झोक्यांत गप्प करणारं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं दुहेरी करून कडीला बांधायचं आणि कापड तोंडावर मिटू नये म्हणून वरच्या अंगाला आडवी काठी घालायची. शू झाली तर खाली निथळते, लुगडं बदललं की काम झालं. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की गादीवर लेकराची पाठ घामानं भिजते, झोळीत चहूबाजूंनी वारा लागतो. आणि जमिनीचा संबंध नाही. गावाकडच्या जुन्या घरात पावसाळ्यात विंचू निघतो, मुंग्यांची रांग तर रोजचीच. आमच्या आईचा झोळीवर जीव आहे तो याच कारणानं, आणि कारण खरं आहे. माळवदाची भक्कम तुळई मात्र आता सगळीकडे उरली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा-उमरगा पट्ट्यातली कितीतरी गावं नव्या जागी, नव्या घरांत गेली. तिथं स्लॅबला कडी सोडलेली असेल तर ठीक, नाहीतर लोखंडी स्टँड घ्यावा लागतो.

माझं मत फिरलं ते दोरीपायी.

लेकराची झोप सलग नसते. साधारण तासाभरानं, कधी त्याच्याही आधी, ती उथळ होते. आपलीही होते, आपण कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. पण झोळीतल्या लेकराचा डोळा लागताना झोका चालू होता, म्हणून मधे जाग आल्यावर त्याला तोच झोका हवा असतो. झोळी थांबलीय हे कळलं की आधी आतून पाय ताणतात, लुगड्याला हिसका बसतो, मग कुरकुर, आणि तेवढ्यात कुणी दोरी ओढली नाही तर टाहो. थोरलीच्या वेळी त्या दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असायचं. झोपेतच पाय हलवायचा. वर कडी कर्र कर्र वाजतेय तोवर सगळं ठीक. माझा डोळा लागून पाय थांबला की कडी गप्प, आणि पाठोपाठ लेकरू जागं. मध्यरात्रीनंतर हेच, तासातासाला. बायको दूध पाजून, वाकून, दोन्ही हात लुगड्यात घालून तिला अलगद ठेवायची आणि पाठ टेकताच डोळे टक्क उघडे. भूक नाही, ओलं नाही, ताप नाही, तरी लेकरू उठतंय. तिची झोप मोडतेय हे मला फार लागायचं. आमची मोडत होती ते वेगळंच.

विजेवर हलणारा झोका घ्या, असं कुणी ना कुणी सुचवतंच. आम्ही एकांचा आणून पाहिला. लाईट असेतोवर छान. रात्री लाईट गेली की लेकरू आणि कूलर दोन्हींची चिंता एकदमच. आणि असली तरी सवय तीच राहते, दोरी फक्त मोटारीच्या हातात जाते.

धाकट्याला म्हणून पहिल्यापासून आमच्या अंथरुणाला लागून, हात पोचेल इतक्या अंतरावर, त्याचं वेगळं अंथरूण घातलं. टणक गादी, ताणून खोचलेली सुती चादर, आणि वर काही नाही: उशी नाही, वाकळ नाही, मोहरीची उशीसुद्धा नाही. छत्रीची मच्छरदाणी यावर नीट बसते, मुंग्या-विंचवाची धास्तीही तिनं बरीच कमी होते. कडा मात्र गादीखाली दाबून घ्याव्या लागतात. पाठीवर निजवायचं. अमेरिकेत 1992 पासून डॉक्टरांनी हे सांगायला सुरुवात केली आणि झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काळात निम्म्याहून खाली आलं. 10 अंशांपेक्षा जास्त उताराची, बाळाला निजवण्यासाठी म्हणून विकली जाणारी साधनं तर तिथं 2022 मध्ये कायद्यानंच बंद झाली. आपली झोळी त्या कायद्यात नाही, पण तिचा बाक पाहिला की कारण समजतं.

अंथरुणाला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीच्या रात्री धाकटा रडला. आम्ही एकटं रडत सोडलं नाही, ते आमच्याच्यानं झालंही नसतं. दूध पाजून झाल्यावर, डोळे जड झाले पण मिटले नाहीत अशा वेळी खाली ठेवायचं, छातीवर हात ठेवायचा, हळूहळू थापटायचं आणि रोज थापटणं थोडं कमी करायचं. आईचं म्हणणं, ‘लेकराला झुरवू नका रे, बांधा झोळी.’ तिला दुखवणं जमत नव्हतं, म्हणून दुपारची झोळी तिच्याकडे दिली. ती शेजारी बसून झोका द्यायची, नजर लेकरावरच. पुढे रात्री पाजायला एकदाच उठावं लागायचं. मधल्या वेळी तो कुशीवर वळून, अंगठा चोखत, आपापला झोपलेला दिसायचा. हा स्वभावाचा भाग असेलही. मला तरी अंथरुणाचा वाटतो.

झोप लागावी म्हणून गुटीत जायफळ जास्त उगाळणं किंवा मध चाटवणं, या वाटेला जाऊच नका. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं आणि वर्षाच्या आत मध देत नाहीत.

घर एका खोलीचं असेल, जमीन शेणानं सारवलेली असेल, बाज नसेल, तर झोळीवाल्यांचं मी ऐकून घेईन. पण लेकरू पालथं पडायला, गुडघ्यावर उठायला लागलं की झोळी उलटायची भीती असते, म्हणजे ती सोडवायची वेळ तशीही लवकरच येते. सोडवायची झाली तर रात्रीपासून सुरू करा, दुपारपासून नको, कारण रात्री झोपेचा जोर जास्त असतो. घरात लग्नकार्य, पाहुणे किंवा लेकराला दात येण्याचा त्रास चालू असेल तर आठवडाभर थांबा. दिवसा झोपूच न दिलं तर रात्री गाढ झोपेल, हा हिशेब बहुधा चुकतो. 4 ते 12 महिन्यांच्या लेकराला दिवसाची धरून 12 ते 16 तास झोप लागते, आणि जास्त दमलेलं लेकरू रात्री आणखी उठतं. झोपेत घोरत असेल, श्वास अडकतोय असं वाटत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर झोळी-अंथरुणाचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.