आईच्या अंगातलं पाणी आणि काट्यावरचा टक्का: सात महिन्यांच्या वापरानंतर

हा काटा नोव्हेंबरमध्ये घेतला. पायाखाली धातूच्या चार पट्ट्या, ब्लूटूथ, आणि फोनवर वजन, चरबी, स्नायू, पाणी असे आकडे. घेतला तो पाण्याच्या टक्क्यासाठीच. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दोन वेळांच्या मधे अंगात किती पाणी साठलं, ही आमच्या घरातली रोजची काळजी. ते पाणी आता थेट दिसेल, असं वाटलं होतं.

वजनाच्या बाबतीत काटा उत्तम आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे शुक्रवारच्या डायलिसिसनंतर सोमवार सकाळपर्यंत वजन किती वाढलं, हे सेंटरमधल्या काट्याशी नेहमी शंभर-दोनशे ग्रॅमच्या आत जुळतं.

टक्क्याचं तसं नाही. डायलिसिसच्या आधी वजन 58, चरबी 33.1 टक्के, पाणी 48.8 टक्के. चार तासांनी दोन लिटर पाणी काढून घरी आलो तर वजन 56, पाणी 47.7 टक्के, आणि चरबी चक्क 34.6. चार तासांत चरबी वाढेल कशी? कारण काटा यातलं काहीच मोजत नाही. तो एका पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायाशी येईपर्यंत किती अडथळा झाला ते पाहतो. पाणी आणि क्षार प्रवाह वाहून नेतात, चरबी फारसा नेत नाही. पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि काट्याला वाटतं चरबी वाढली.

मग मी आकडेमोड केली. शंभरातून चरबी वजा करून उरलेल्याला 0.73 ने गुणलं, दोन्ही वेळा बरोबर पाण्याचा टक्का आला. निरोगी माणसाच्या चरबीविरहित शरीरात साधारण 73 टक्के पाणी असतं, हा जुना हिशेब. पण आईच्या अंगावर सूज असते तेव्हा हे प्रमाणच बिघडलेलं असतं! नेमकं ज्यासाठी काटा आणला, तिथेच तो गृहीत धरून चालतो.

डायलिसिसच्या हिशेबात वापरलं जाणारं 1980 चं वॉटसन सूत्रही करून पाहिलं; ते उंची आणि वजनावरून अंगातलं एकूण पाणी लिटरमध्ये सांगतं. बायकांसाठी उंचीचे सेंटिमीटर गुणिले 0.1069, अधिक वजन गुणिले 0.2466, वजा 2.097. आईची उंची 152. वजन 58 असताना 28.45 लिटर, 56 असताना 27.96. दोन लिटर काढले आणि सूत्रात जेमतेम अर्धा लिटर कमी झाला, कारण ते वेगवेगळ्या माणसांची सरासरी सांगतं, एकाच माणसातला चढउतार नाही. काट्याच्या आकड्यांवरून 1.6 लिटर कमी झाले, म्हणजे या एका बाबतीत काटा सूत्रापेक्षा बरा. खरं मोजायचं तर जड पाणी (ज्यात नेहमीच्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो) पाजून ते अंगात किती विरळ झालं हे पाहावं लागतं. 1934 मध्येच हेवेसी आणि होफर यांनी ते केलं होतं, पण घरी कोण करणार?

रोजच्या वापरात आणखी एक त्रास. थंडीत गार, कोरड्या पायांनी आणि नंतर गरम पाण्याने पाय धुऊन, दहा मिनिटांच्या अंतराने पाहिलं तर पाणी सव्वा टक्क्याने बदललं. आईच्या वजनात ते सातशे ग्रॅम होतात. तिला दिवसभरात जेवढं पाणी प्यायची परवानगी आहे, जवळपास तेवढंच! प्यायलेलं पाणी पोटात असतं, प्रवाह मात्र मुख्यतः पायांतूनच फिरतो, त्याला ते पाणी दिसतच नाही; त्यामुळे चहा घेऊन उभं राहिलं की वजन वाढतं आणि चरबीही.

पेसमेकर असलेल्यांनी यावर उभं राहू नये, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलंय, ते ठळक हवं होतं. बाकी बॅटरी अजून पहिलीच आहे, काच टणक आहे.

फेब्रुवारीपासून मी टक्का पाहणं सोडलं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन. शेजारी बोटाने दाबून पाहिलेली घोट्यावरची सूज, आणि रात्री आडवं झाल्यावर धाप लागू नये म्हणून उशा किती लागल्या. डायलिसिसच्या दिवशी तीच वही डॉक्टरांसमोर ठेवतो. मार्चमध्ये त्यावरूनच त्यांनी आईचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर असायला हवं ते वजन, अर्धा किलो खाली आणलं, आणि आता ती एका उशीवर झोपते.