खोड्याकडची वाट: नुसते पाइप की पत्रा?

मुक्त गोठा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा गोठा, झाला की पुढचा प्रश्न खोड्याचा, म्हणजे उपचारासाठी जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीचा. लसीकरणाला, रेतनाला जनावर ज्या चिंचोळ्या वाटेनं खोड्यात न्यायचं, तिच्या बाजूंना आडवे पाइप मारावेत की पत्रा ठोकून त्या बंद कराव्यात? करवीर, कागलकडं नवा गोठा बांधणारे बरेच जण इथं अडतात. मी दोन्ही वापरलंय.

पाइप स्वस्त पडतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून कापून आणले की गावातला वेल्डरही जोडून देतो. हवा खेळती राहते, डॉक्टरांना कुठूनही हात घालता येतो. दाव्याची सवय असलेल्या दोन-चार गरीब गाई असतील, तर याहून जास्त खर्च कशाला?

माझं मन पाइपांवरून उडालं ते सावल्यांमुळं. आमच्याकडं डॉक्टर सकाळी येतात. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि कोब्यावर पाइपांचे काळे पट्टे पडतात. पुढची गाय पहिल्या पट्ट्याशी पाय रोवते, मान खाली घालून फुरफुरते आणि हलतच नाही. मागच्या तिला रेटतात, कुणीतरी शेपूट पिळायला लागतं. गाय यात हट्टी नसते. डोळे बाजूंना असल्यानं तिला भोवतालचं सुमारे ३३० अंशांतलं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतो तो समोरचा अरुंद भागच. काळा पट्टा सावली आहे की चर, हे ठरवायला तिला थांबून मान खाली न्यावी लागते. त्यात पाइपांमधून कुत्रं, मोटरसायकल, वाळत घातलेला सदरा, सगळंच दिसत राहतं.

पत्र्यानं वाट एकसारख्या सावलीत येते आणि जनावर पुढं बघून चालतं. जनावरांच्या वागण्याच्या अमेरिकेतल्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिनही १९७० च्या दशकापासून बंद बाजूंचा आग्रह धरत आल्या आहेत. पत्र्याचे त्रास आहेतच. तो उन्हाळ्यात तापतो, आपल्या पावसात खालून गंजतो, सैल राहिला तर वाऱ्यानं वाजतो आणि गाई बिचकतात. नवा पत्रा चकाकतो, म्हणून मळकट रंग द्यावा. खोड्यावरचं छप्पर मात्र उजेड येईल असंच ठेवा. उन्हातून एकदम अंधारात शिरायला गाय धजत नाही.

वाट उत्तर-दक्षिण असेल आणि पैसे कमी असतील, तर आधी पूर्वेची बाजू बंद करा, जनावराच्या डोळ्यांच्या वर जाईल इतकी. पश्चिमेची पुढच्या वर्षी केली तरी चालेल.